बरणीतलं बदक

आदरणीय ताई,

नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर बघून तुमच्या काळजात धस्स झालं असेल, म्हणून आधीच सांगते की घरात सगळे धडधाकट आहेत. बाबांचा गुडघा जिना दिसला की दुखतो आणि बागेकडे वळला की दुखायचा थांबतो. तुमच्या बंधुराजांची प्रकृती उत्तम आहे, इतकी उत्तम की शर्टाची बटणं तक्रार करू लागली आहेत. माझं कसं चाललंय ते पत्र संपेपर्यंत कळेलच. तुमच्याकडे सगळे बरे असतील, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नवी मंडळी दाखल झाली असतील आणि तुमच्या शेजारी बसून गाडी चालवताना त्यांना नेहमीप्रमाणे दरदरून घाम फुटत असेल, अशी आशा करते.

फोन का केला नाही असं तुम्ही विचाराल. ताई, रागावू नका, पण फोनवर तुम्ही मध्येच ब्रेक दाबता. मी ‘त्याचं झालं काय’ एवढं म्हणते न म्हणते तोच पलीकडून ‘मुद्द्याचं बोल’ येतं, आणि मग माझा मुद्दा जो गडगडतो तो हाती लागत नाही. (शिकवताना तुमचा पाय सारखा त्या जादा ब्रेकवर असतो हे मी समजू शकते. पण माझ्या बोलण्याला कुठे आडवं वाहन येतंय?) ईमेल करावा म्हटलं तर आमच्याकडून गेलेला मेल हल्ली कोणी उघडत नाही, आणि ज्यांनी उघडला त्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं आहे. तेव्हा कागद आणि पेन. पाकीट उघडायला घाबरू नका, कागदातून काही पसरत नाही असं मला सांगण्यात आलं आहे. अर्थात मला आजवर बरंच काही सांगण्यात आलं आहे.

आपला कॉम्प्युटर स्वयंपाकघर आणि बाबांची खोली यांच्या मधल्या बोळात, शिवणाच्या मशीनच्या जुन्या टेबलावर असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. (मशीन गेलं, पण खालचा पायटा अजून आहे, आणि तुमचे बंधुराज विचारात पडले की तो खडखड हलवत बसतात. विचारांपेक्षा आवाज जास्त होतो.) या कॉम्प्युटरवर माझं पोट चालतं. मिक्सर, इस्त्री, हीटर असल्या वस्तूंच्या खोक्यात जो घडी घातलेला कागद असतो आणि जो लोक न वाचता फेकून देतात, तो मी लिहिते. तर मी एका टोस्टरचं पत्रक लिहीत होते. ‘टोस्टरमध्ये सुरी घालू नये’ हे वाक्य पुरं होतंय तोच पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातून एक पिवळं बदक डुलत डुलत आलं, ‘सुरी’ या शब्दावर जाऊन बसलं आणि ओरडलं. बदकाच्या डोक्यावर फुलीचं बटण होतं. दाबलं की खिडकी बंद होते ना, ते. मी बाण तिकडे नेला की बदक फुलीसकट बाजूला सरकायचं. टोस्टर राहिला बाजूला, मी भर सकाळी एका बदकाच्या मागे धावत होते.

नुसतं बसलं असतं तर मी एक बदक सहन केलं असतं, या घरात मी काय थोडं सहन करते? पण त्याने आमच्या नावाने आमच्या यच्चयावत ओळखीपाळखीच्या माणसांना मेल पाठवला. मथळा होता ‘तुमचं पोट आता लपत नाही’, आणि आत पोट आवळणाऱ्या एका पट्ट्याची जाहिरात होती. हा मेल माझ्या कंपनीतल्या साहेबांना गेला. साहेबांचं पोट खरोखरच लपत नाही, त्यामुळे त्यांनी तो मनाला लावून घेतला आणि माझं टोस्टरचं पत्रक लाल पेनाने रंगवून परत पाठवलं. मावशींना गेला, त्या दिवसापासून त्या आमच्याशी बोलत नाहीत. मामांना गेला, त्यांनी चक्क पट्टा मागवला, तो त्यांना मानवला, आणि आता ते आठवड्याला फोन करून गुडघ्यासाठी काही निघालंय का म्हणून विचारतात. तुम्हालाही नक्की आला असणार. तुम्ही त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत हा तुमचा मोठेपणा.

पहिला उपाय अर्थातच तुमच्या बंधुराजांनी केला. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाशी लग्न केलं म्हणजे घरातली प्रत्येक वस्तू लिफ्टसारखी वागवली जाते. त्यांच्या शास्त्रात रोग एकच असतो आणि औषधही एकच: बंद करा, थांबा, चालू करा. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, हाताची घडी घालून थांबले, चालू केला. बदक आलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू, पुन्हा बदक, आणि आता ते ताजंतवानं दिसत होतं. मग त्यांनी कामावरून एक पाटी आणून पडद्यावर अडकवली: ‘काम चालू आहे. कृपया जिन्याचा वापर करावा.’ ही पाटी अजून तिथेच आहे. घरी आलेले लोक ती वाचतात आणि जिना कुठे आहे म्हणून विचारतात. (आपलं घर तळमजल्यावर आहे.) कोणाला बोलवूया म्हटलं तर त्यांचा अपमान होतो. दुरुस्तीवाल्याच्या घरी दुरुस्तीवाला येणं म्हणजे नाक कापल्यासारखं आहे म्हणे.

मग त्यांनी व्हायरस मारणारा एक प्रोग्राम आणला. त्याने काही होईना म्हणून दुसरा आणला. आता हे दोघे एकमेकांनाच व्हायरस समजू लागले. एक म्हणायचा हा घुसखोर आहे, काढू का? दुसरा म्हणायचा तोच घुसखोर आहे, त्याला काढू का? आणि मधून बदक निवांत चालत जायचं. त्यांच्या सूचना वाचून तर माझं डोकंच फिरलं. ताई, मी सूचना लिहून पोट भरते, सूचना म्हणजे काय ते मला कळतं. तिथे लिहिलं होतं: ‘ही क्रिया रद्द करणे रद्द करायचे आहे का?’ आणि खाली तीन बटणं: होय, नाही, रद्द करा. असं वाक्य मी लिहिलं असतं तर आईंनी मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नसतं.

त्यात आणखी एक भानगड सुरू झाली. हा प्रोग्राम सगळा कॉम्प्युटर तपासायला तासन्‌तास घेतो. तपासणी जवळजवळ संपत आलेली असायची, आम्ही जरा इकडेतिकडे व्हायचो, आणि परत येऊन बघावं तर पडदा काळा ठिक्कर. भिंतीतला प्लग काढलेला. एकदा नव्हे, सारखं. मला वाटायचं हे बंधुराजांचं बंद करा-चालू करा आहे. त्यांना वाटायचं मीच वैतागून उपटते. यावरून आमची इतकी जुंपली की शेजारीण वाटीभर साखर मागायला आली ती न मागताच परत गेली. बाबांवर संशय घ्यायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी उभ्या आयुष्यात कुठलाही प्लग काढलेला नाही, आणि त्यावरून त्यांचं आणि आईंचं जन्मभर वाजलं हे मी तुम्हाला काय सांगणार. पण या घरात हल्ली इस्त्री, दिवा, रेडिओ, सगळ्यांचे प्लग काढलेले सापडतात. एकदा फ्रिजचाही सापडला. असो, तो विषय काढला की मला पाणी प्यावं लागतं.

आता बाबांकडे वळते. बाबांनी उभा जन्म लोकांच्या घरातली झुरळं, ढेकूण आणि वाळवी मारण्यात घातला, त्यामुळे बदकाची बातमी कळताच त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते आई गेल्यापासून मी पाहिलं नव्हतं. ते टॉर्च घेऊन बोळात खुर्ची टाकून बसले. घाई करायची नाही म्हणाले, पाहुणा (कुठल्याही किड्याला ते पाहुणाच म्हणतात) कुठून येतो, कधी बाहेर पडतो आणि काय खातो ते आधी बघायचं. त्यांनी बदकाला दिवसभर पाहिलं. निष्कर्ष असा की ते उजेडाला भीत नाही आणि कोपऱ्यातून येतं. त्यांनी कॉम्प्युटरच्या मागे डांबराच्या गोळ्या ठेवल्या. त्याने बदकाला काही झालं नाही, पण तेव्हापासून माझ्या सगळ्या पत्रकांना कपाटाचा वास येतो असा मला भास होतो. फवारणीचा पंपही त्यांनी पलंगाखालून काढला होता. तो मात्र मी हातातून ओढून घेतला आणि कुलपात घातला.

शेवटी मीच हात टेकले आणि यांना न विचारता कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांना बोलावलं. आम्ही त्यांना डॉक्टर फॉरमॅट म्हणतो. पिकल्या केसांचे, हळू आवाजात बोलणारे गृहस्थ आहेत. तपासून झालं की चष्मा काढतात, पुसतात आणि घरातले सगळे आहेत का म्हणून विचारतात. त्यांचं आणि बाबांचं मात्र पहिल्याच भेटीत जमलं. बाबांनी विचारलं, हा अंडी कुठे घालतो? मी शरमेने आत गेले. पण डॉक्टरांनी त्यावर खरोखर विचार केला आणि म्हणाले, कॉम्प्युटर चालू होताना जी कामं आपोआप सुरू होतात ना, त्यांच्यात. बाबांनी मान डोलावली. वाळवीचंही तसंच असतं म्हणाले, चौकटीत. मग दोघांनी खुर्च्या जवळ घेतल्या, आणि मी त्यांना चहा नेऊन देत बसले.

त्यांनी बदक काढलं. दोन दिवस शांतता, मग पुन्हा बदक. पुन्हा आले, पुन्हा काढलं, पुन्हा आलं. डॉक्टरांचा चेहरा दर वेळी जास्त काळवंडायचा. इतका चिवट व्हायरस आपण पाहिला नाही, असं ते म्हणाले तेव्हा बाबांच्या चेहऱ्यावर किंचित अभिमान दिसला असं मला वाटलं होतं. मी दुर्लक्ष केलं. तिथेच माझं चुकलं. अखेर डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, आणि सांगितलं की आता फॉरमॅट. म्हणजे सगळं पुसून टाकायचं. कॉम्प्युटर नवा होईल, पण आत काहीही उरणार नाही.

ताई, आता जे लिहिते आहे ते तुम्हाला ठाऊक नाही. बाबांनी बजावलं होतं की फोनवर सांगू नको, ती गाडीत असेल आणि रडत गाडी चालवेल. माझं प्रत्येक पत्रक छपाईला जाण्याआधी आई वाचायच्या. मनात नाही, मोठ्याने. ती वस्तू समोर ठेवून, लिहिलंय तसं करत करत. कुठे अडतात ते कळावं म्हणून मी ते कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायची. ‘उपकरण समतल पृष्ठभागावर ठेवावे’ असं वाचायच्या, थांबायच्या, आणि म्हणायच्या, “म्हणजे ओट्यावर ना? मग ओट्यावर म्हणायला हिचं काय जातं?” मी खाली मान घालून ‘ओट्यावर’ करायची. ‘भांड्यात द्रव पदार्थ ओतावा’ यावर तर त्या पुस्तकी बोलणाऱ्या बायकांवर, शाळांवर आणि माझ्या माहेरावर घसरल्या होत्या. असे आईंचे कितीतरी आवाज त्या कॉम्प्युटरमध्ये होते: मिक्सर, हीटर, पंखा. शेवटचं इस्त्रीचं आहे, आणि त्याच्या शेवटी त्या बाबांवर ओरडल्यात. काय ते इथे लिहीत नाही, ते ऐकण्यासारखं आहे. आईंचा आवाज दुसरा कुठेही नाही. फोटो आहेत ढीगभर, पण फोटोत त्या गप्प बसल्यात, आणि गप्प बसलेल्या आई मला ओळखूसुद्धा येत नाहीत.

बाबा ते रोज दुपारी ऐकायचे. आम्ही पडलो की बोळातून बारीक आवाज यायचा: ‘झाकण घट्ट बसल्याची खात्री करावी.’ मी झोपेचं सोंग घ्यायची. त्यांनी कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. म्हणून फॉरमॅट शब्द ऐकला तेव्हा बाबांनी कॉम्प्युटरवर हात ठेवला तो काढेनात, आणि मी डॉक्टरांना आईंच्या आवाजांचं सांगितलं. डॉक्टर समजूतदार निघाले. त्यांनी आईंचे सगळे आवाज एका पेनड्राइव्हवर घेतले, तो उलटसुलट तपासला, यात काही नाही अशी ग्वाही दिली, आणि सांगितलं की कॉम्प्युटर नीट चालतोय याची खात्री होईपर्यंत याला हात लावू नका. पेनड्राइव्ह बाबांनी ताब्यात घेतला. कॉम्प्युटर पुसला गेला. स्वच्छ, कोरा, आज्ञाधारक. मी टोस्टरचं पत्रक पहिल्यापासून लिहायला घेतलं आणि ‘सुरी’ शब्द मुद्दाम दोनदा लिहिला. कोणी आलं नाही. मला रडू यायचं बाकी होतं.

आणि मग, ताई, बदक आलं.

ते कसं आलं ते योगायोगाने कळलं. मी छापखान्यात जायला निघाले होते, चष्मा विसरला म्हणून परत आले. बोळात बाबा कॉम्प्युटरपुढे बसलेले, हातात भिंग. पडद्यावर बदक. टेबलावर बरण्या उघड्या. बाबांच्या खोलीतल्या फळीवरच्या बरण्या तुम्हाला आठवत असतील: ‘वाळवी, वकिलांचं कपाट’, ‘ढेकूण, नाट्यगृह, मागची रांग’ अशा चिठ्ठ्या लावलेल्या. मारलेल्या प्रत्येक किड्याचा एक नमुना ठेवायचा, म्हणजे पुन्हा आला तर ओळखता येतो, हा त्यांच्या धंद्यातला नेम. तर त्या रांगेतली एक नवी बरणी मी पाहिली. झाकणावर चिठ्ठी: ‘बदक, आपलंच घर’. आणि त्यातला निळा पेनड्राइव्ह बाबांच्या हातात.

“बाबा, हे काय चाललंय?”

“मेलाय का ते बघत होतो.”

“आणि?”

“नाही मेला.”

त्यांनी मला ते अगदी शांतपणे समजावून दिलं. डॉक्टरांनी पहिल्यांदा काढायच्या आधीच बाबांनी त्यांच्याकडून एक पेनड्राइव्ह मागून घेऊन त्यावर बदकाचा नमुना घेतला होता. (कॉम्प्युटरमधलं काही त्यावर कसं घ्यायचं तेही डॉक्टरांनीच शिकवलं. त्यांना वाटलं, म्हातारा माणूस काहीतरी जपून ठेवतोय.) आता, फवारणीआधी एक जिवंत नमुना बाटलीत धरायचा आणि फवारणी करून झाली की तो बघायचा असतो. तो मेला तर औषध लागू पडलं, तो जिवंत तर बाहेरचेही जिवंत असणार. म्हणून डॉक्टर दर वेळी कॉम्प्युटर साफ करून गेले की बाबा बरणी उघडायचे, पेनड्राइव्ह लावायचे आणि बदक मेलंय का बघायचे. बदक मेलेलं नसायचं. ते थेट कॉम्प्युटरमध्ये चालत जायचं. मग बाबा नमुना बरणीत ठेवून झाकण घट्ट लावायचे आणि डॉक्टरांचं औषध कमी पडतंय म्हणून हळहळायचे.

ताई, माझा राग तुम्ही पाहिलेला नाही. तुमच्या बंधुराजांनीही पुरता पाहिलेला नाही. मला साहेबांचं लाल पेन आठवलं, मावशी आठवल्या, भांडणं आठवली, ‘रद्द करणे रद्द करा’ आठवलं. मी बाबांच्या हातातला पेनड्राइव्ह घेतला, यांच्या अवजारांच्या पेटीतून हातोडी काढली, बाथरूममध्ये गेले आणि फरशीवर ठेवून त्याचा चुरा केला. फरशीलाही चीर गेली. चुरा कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि डबा बाहेर नेऊन ठेवला. बाबा दारात उभे राहून बघत होते.

डॉक्टर पुन्हा आले, पुन्हा पुसून गेले. यांनी बंद करून चालू करून पाहिलं आणि आपल्या उपायाने अखेर गुण आला असं जाहीर केलं. बदक गेलं ते गेलंच. तर एवढीच हकिकत. तुम्हाला आमच्या नावाने पोटाबद्दल काही आलं असेल तर ते बदकाचं समजून पुसून टाकावं. मुलांना पापे, भावोजींना नमस्कार. त्यांना म्हणावं, कॉम्प्युटर विकत घेऊ नका.

तुमची,
(थकलेली) भावजय

ता. क. : आता खरं कशासाठी लिहिलं ते सांगते, मघापासून हात वळत नव्हता. काल कॉम्प्युटरची खात्री पटल्यावर मी आईंचे आवाज परत घालावेत म्हणून बाबांच्या फळीवर गेले. आईंचा पेनड्राइव्हही त्यांनी बरणीतच ठेवला होता, त्यांना जपून ठेवायची दुसरी रीत माहीत नाही. बरणी रिकामी. विचारलं तर म्हणाले, ताईला पाठवला, परवाच. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन्ही पेनड्राइव्ह डॉक्टरांच्याच दुकानातले. दोन्ही निळे, एकसारखे. चिठ्ठ्या झाकणांवर, पेनड्राइव्हवर काहीच नाही, आणि त्या दिवशी टेबलावर दोन्ही बरण्या उघड्या होत्या. मी बाबांना विचारलं, मी फोडला तो कुठला होता? बाबा म्हणाले, “असू दे आता.” बस, एवढंच. ताई, त्या ‘असू दे’ने माझी झोप उडाली आहे. माझ्या हाताने मी आईंना फोडलं असेल तर मी काय करू? पंपसुद्धा मी बाबांना कुलपातून काढून दिला. तुमच्याकडे जो पेनड्राइव्ह येतोय तो कृपा करून स्कूलच्या कॉम्प्युटरला लावू नका. माळ्यावर पडलेला तुमचा जुना लॅपटॉप आहे ना, त्यावर बघा. बदक आलं तर मला थेट सांगू नका, आधी यांना सांगा. आणि आई आल्या तर मला ताबडतोब फोन करा. पण आवाज जरा कमी ठेवा, पहिलं वाक्य माझ्याबद्दल आहे.

ता. क. २ : हे सांगायचं नाही असं तुमच्या बंधुराजांनी मला शपथ घालून बजावलं आहे, पण आता कशाचं काय. बदक मुळात आलं ते तुम्हीच पाठवलेल्या ‘रस्त्यावरच्या खुणा ओळखा’ या कोड्यातून, असं डॉक्टर म्हणाले. मी राग धरलेला नाही. स्कूलमधल्या कॉम्प्युटरच्या डाव्या कोपऱ्यावर लक्ष ठेवा.

चि. ताईस अनेक आशीर्वाद. पाकीट पेटीत टाकायला सूनबाईने माझ्याकडे दिलं. डिंक ओला होता, उघडलं, वाचलं. तिने फोडला तो बदकाचाच. आईच्या पेनड्राइव्हवर मी सुईने बारीक खूण केलेली आहे, तोच तुझ्याकडे येतो आहे. इथे हातोडी आहे म्हणून पाठवला. सूनबाईला सांगितलं नाही, कारण घरात फार शांतता आहे आणि माझा पंप परत पलंगाखाली आला आहे. आणखी चार दिवस जाऊ देणार होतो. पण ती जेवत नाही, तेव्हा आज संध्याकाळीच सांगतो.

प्लग मी काढत होतो. इस्त्रीच्या पत्रकात शेवटी तुझी आई वाचते, ‘वापर संपल्यावर प्लग काढावा’, आणि मग म्हणते, अहो, ऐकलंत का, तुम्हाला सांगतेय. ती होती तेव्हा मी एकदाही काढला नाही. कॉम्प्युटरवर ऐकून झालं की उठून काढायचो. पुढे सवयच लागली.

इथे आता ऐकायला काही नाही. तुला सवड असेल तेव्हा दुपारी फोन कर, हे दोघे पडलेले असतात. बोलायची गरज नाही. इस्त्रीचं लाव आणि फोन नुसता तिच्याजवळ धर.